बूट, सँडल की स्लिपर? यातलं एकच निवडा

तीन कामं करणारं पादत्राण म्हणून विकायचं आणि तक्रारीच्या अर्जात मात्र ‘यातलं एकच निवडा’ म्हणायचं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. जोडी बदलून मिळाली, चांगली मिळाली, तरीही नाही. ज्यांच्याकडे असं बदलतं पादत्राण आहे किंवा जे घ्यायच्या विचारात आहेत, त्यांचा वेळ आणि डोकं वाचावं म्हणून सगळं लिहून काढते आहे.

आधी वस्तू काय आहे ते सांगते. जाड सोल, त्यावर पट्ट्यांची सँडल. तिच्यावर पुढून चेनने बसणारं जाळीच्या कापडाचं आवरण; ते चढवलं की बंद बूट. आवरण काढलं की सँडल. टाचेमागचा पट्टा दोन्ही बाजूंच्या खिट्यांतून सोडवून पुढे घेतला की पाय सरकवून घालायची स्लिपर. मला डोंगरात चालायचं असतं, वाटेत ओढे ओलांडायचे असतात आणि संध्याकाळी तंबूपाशी पाय मोकळे ठेवायचे असतात. या सगळ्यासाठी बुटांशिवाय आणखी एक जोडी पाठपिशवीला बाहेरून लटकवून न्यावी लागायची. ती कमी करायची म्हणून हे घेतलं. खरेदीत काही अडचण आली नाही, माप बरोबर बसलं, पहिले कितीतरी महिने मी ज्याला त्याला कौतुकाने दाखवत होते.

बिघाड झाला तो खिटीपाशी. टाचेचा पट्टा ज्या खिटीवर अडकतो, ती खिटी सोलच्या कडेला असलेल्या भोकात दाबून बसवायची असते. सोलचा तो थर ईव्हीए नावाच्या प्लास्टिकच्या फोमचा. हा फोम हलका आणि पायाला मऊ, पण एकाच जागी पुन्हापुन्हा दाब पडला की दबलेलाच राहतो, पूर्ण वर येत नाही. चालताना प्रत्येक पावलाला टाच उचलते तेव्हा पट्ट्याचा सगळा ताण त्या खिटीवर येतो. त्यात आपण खिटी काढतो, घालतो, पुन्हा काढतो. गोल भोक हळूहळू लांबट झालं, मग त्याच्या कडेला चीर गेली, आणि एका ओढ्यात गुडघाभर पाण्यात खिटी निसटली. आधी डाव्या पायाची. थोड्याच दिवसांनी उजव्या पायालाही त्याच जागी, तशीच चीर.

पट्टा सुटला तर इतकं काय बिघडलं, असं मला नंतर तक्रारीच्या उत्तरात जवळजवळ सांगितलं गेलं, म्हणून थोडं विषयांतर करते. बाहेर वापरायची पट्ट्यांची सँडल आज आपण ज्या रूपात ओळखतो, ते रूप 1984 साली मार्क थॅचर यांनी आणलं. ते ग्रँड कॅन्यनमध्ये कोलोरॅडो नदीवर तराफ्याने लोकांना नेणारे वाटाडे होते. साध्या चपला पाण्यात पायातून निघून जात, म्हणून त्यांनी घोट्याभोवती वेल्क्रोचा पट्टा लावला. मागून पाय धरून ठेवणं हे या प्रकारच्या सँडलचं मूळ कामच आहे. पाण्यात, निसरड्या दगडांवर तो पट्टा सुटणं म्हणजे माणूस पडणं. मी पडले नाही, हातात काठी होती.

आता दावा. वॉरंटीची मुदत संपायला बराच अवकाश होता, पावती होती, खोकं होतं. अर्ज उघडला. पहिलाच प्रश्न: वस्तूचा प्रकार. पर्याय: बूट, सँडल, स्लिपर, सुटे भाग. एकच निवडता येतो आणि निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. ज्या वस्तूच्या जाहिरातीत ‘तीन रूपं’ हे सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलंय, तिच्यासाठी हा प्रश्न!

बिघाड सँडलच्या रूपात झाला होता म्हणून मी ‘सँडल’ निवडलं. काही दिवसांनी उत्तर आलं की सँडलचे पट्टे, बकला आणि खिट्या हे झिजणारे भाग आहेत, त्यांना वॉरंटी नाही. सुटे भाग विकत घेता येतील. मी लिहिलं की पट्टा धड आहे, खिटी धड आहे, फुटलाय तो सोल. उत्तर: सोलच्या तक्रारीसाठी कृपया ‘बूट’ हा प्रकार निवडून नवा अर्ज करा.

नवा अर्ज, नवा क्रमांक, पुन्हा सगळी माहिती. ‘बूट’ निवडल्यावर फोटोंचे नियम वेगळे निघाले. वस्तू पूर्ण जोडलेल्या अवस्थेत, बाहेरच्या बाजूने, आतल्या बाजूने, वरून आणि खालून. पूर्ण जोडलेली म्हणजे आवरण चढवलेली. आणि आवरण चढवलं की खिटी त्याच्याखाली झाकली जाते! मी नियमाप्रमाणे फोटो काढले आणि सोबत लिहिलं की दोष आवरणाखाली आहे, त्याचे वेगळे फोटो पाठवते, कुठे पाठवू? उत्तर आलं: पाठवलेल्या फोटोंत दोष दिसत नाही, दावा बंद करण्यात येत आहे.

मग मी आवरण काढून चिरेचे जवळून फोटो पाठवले. त्यावर जे उत्तर आलं ते मी जपून ठेवलंय. वस्तू सुटी केलेली असल्याने वॉरंटी लागू होत नाही.

चेन उघडून आवरण काढणं म्हणजे वस्तू सुटी करणं! ज्या कामासाठी ती विकली, नेमकं तेच काम केल्यावर ती वॉरंटीबाहेर जाते. त्या दिवशी मला खरोखर रडू यायचं बाकी होतं. फोन केला. फोनवरच्या माणसाने नम्रपणे ऐकून घेतलं, पण त्याच्यासमोर शेवटच्या अर्जाएवढीच माहिती दिसत होती. आधीचे अर्ज वेगळ्या क्रमांकाचे, ते त्याला उघडता येईनात. प्रत्येक वेळी गोष्ट पहिल्यापासून सांगायची, आणि शेवटी ऐकायचं की ‘मॅडम, तुम्ही प्रकार बरोबर निवडून पुन्हा अर्ज करा.’ मी विचारलं, बरोबर प्रकार कोणता? तो म्हणाला, तुम्ही ज्या रूपात जास्त वापरता तो. ‘स्लिपर’ निवडलं असतं तर टाचेच्या पट्ट्याचा प्रश्नच आला नसता, कारण स्लिपरला तो नसतो. ‘सुटे भाग’ला वॉरंटीच नाही. चारही दारं मी तपासून पाहिली आणि चारही बंद होती.

इथे बरेच जण सोडून देतात. ग्राहकांची मतं वाचताना ‘खिटी निघते, फेकून दिले’ अशी एका ओळीची कितीतरी मतं मला नंतर सापडली, आणि त्यातल्या बहुतेकांनी पुढे काही केल्याचं दिसत नव्हतं. मला मात्र सोडवेना.

अर्ज बाजूला ठेवून मी एकच सलग पत्र लिहिलं आणि ते त्यांच्या लेखी तक्रारींच्या पत्त्यावर पाठवलं. त्यात सगळ्या जुन्या अर्जांचे क्रमांक एकाखाली एक, प्रत्येकासमोर मिळालेलं उत्तर त्यांच्याच शब्दांत. दोन्ही पायांच्या चिरांचे फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, एकाच कोनातून. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे खोक्यातून आलेल्या माहितीपत्रकाचा फोटो. त्यात चित्रांनी दाखवलंय की चेन कशी उघडायची, खिटी अंगठ्याने कशी दाबून काढायची. त्याखाली मी विचारलं: तुमच्याच चित्राप्रमाणे केलेला वापर वॉरंटीच्या कोणत्या कलमानुसार वॉरंटीबाहेर जातो, ते लेखी कळवा. आणि वापराने झीज झाली असेल तर दोन वेगळ्या पायांवर वेगवेगळा ताण येऊनही चीर त्याच जागी, त्याच दिशेने का गेली, हेही कळवा.

रागाचा एक शब्दही त्यात ठेवला नाही. पहिल्या खर्ड्यात पुष्कळ होते, ते खोडले.

या पत्राला उत्तर आलं ते दुसऱ्याच विभागाकडून. दुरुस्ती पाहणाऱ्या एका बाईंचा फोन आला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला: ‘भोक गोल आहे की लांबट झालंय?’ इतक्या दिवसांत कोणीतरी वस्तूबद्दल विचारलं होतं! लांबट, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, जोडी धुऊन, पूर्ण वाळवून पाठवा, बाकी मी बघते. पाठवली. नवी जोडी आली. खोकं उघडून मी आधी खिटीचं भोक पाहिलं, तर त्याच्या कडेला आता धातूचं कडं बसवलेलं. म्हणजे दोष त्यांना ठाऊक होता, त्यांनी तो दुरुस्तही केला होता, आणि तक्रार करणाऱ्याला मात्र चार पर्यायांत फिरवत होते. सुटका झाल्याचा आनंद मोठा होता, पण ते कडं पाहून राग दुप्पट झाला, हे खरं आहे.

आता आठवेल तसं सांगते.

घेतल्या दिवशीच प्रत्येक रूपात फोटो काढून ठेवा, जोडाच्या जागांचे जवळून. माहितीपत्रक फेकू नका. माझा दावा त्याच कागदावर उभा राहिला. दावा मंजूर व्हायच्या आधी स्वतः गोंद लावू नका, टाके घालू नका. घरी दुरुस्त केलेली वस्तू नाकारायला आयतं कारण मिळतं. चिखलाची जोडी पाठवली तर ती न तपासता परत येऊ शकते.

मापाचं मधेच आठवलं. ही वस्तू तुम्ही मोजे घालूनही वापरणार आणि अनवाणी पायानेही, म्हणून माप संध्याकाळी, दिवसभर चालून पाय थोडे सुजल्यावर, जाड मोजे घालून पाहा. मग मोजे काढून पट्टे आवळले तर पाय पुढे घसरत नाही ना, तेही पाहा. युरोपीय मापात एका आकड्याचा फरक दोन तृतीयांश सेंटिमीटर, ब्रिटिश मापात एक तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. दोन मापांच्या मधोमध पाय असेल तर ब्रिटिश अर्ध्या मापात, म्हणजे चार मिलिमीटरच्या आसपास, बऱ्याचदा मेळ बसतो. बुटासाठी मोठं माप घेतलं तर सँडलमध्ये बोटं पुढे येऊन दगडाला आपटतात.

वेल्क्रो पकड सोडू लागलं म्हणून जोडी टाकून देऊ नका. जॉर्ज द मेस्ट्राल या स्विस अभियंत्याला 1941 मध्ये त्याची कल्पना सुचली ती कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बोंडांवरून. बारीक हुकांसारखे आकडे आहेत ते, त्यामुळे गवताची कुसळं, मोज्यांचे धागे, केस, सगळंच धरून ठेवतात. ताठ ब्रशने किंवा टाचणीने आकडे साफ केले की पकड बरीच परत येते. चेनमध्ये वाळू गेली तर ओढू नका, पाण्याने धुऊन मग सरकवा.

मतं वाचताना पहिल्या आठवड्यात पाच तारे देणाऱ्यांना मी आता मोजतच नाही. तेव्हा सगळी रूपं छान बदलतात. ज्यांनी निदान एक पावसाळी मोसम काढलाय आणि ‘बदलते’ हा शब्द खरोखर जगलाय, त्यांचंच वाचा. ‘सोल सुटला’ अशी तक्रार दिसली तर जोडी किती काळ खोक्यात पडून होती ते शोधा: पॉलियुरेथेन या दुसऱ्या प्रकारच्या फोमचा सोल न वापरताही हवेतल्या ओलाव्याने आतून भुसभुशीत होतो, तो वेगळा रोग आहे, त्याचा रूपं बदलण्याशी संबंध नाही.

आणि असं पादत्राण घ्यावंच का? माझं उत्तर अजूनही हो आहे, फक्त जोड पाहून. नदीत उभं राहून मासेमारी करणाऱ्यांच्या बुटांना बदलते सोल असतात, ते मला या प्रकारातलं सर्वांत विचारपूर्वक काम वाटतं. शेवाळी दगडांवर नमद्याचा, म्हणजे तंतू दाबून केलेल्या जाड कापडाचा सोल उत्तम धरतो, पण ओल्या नमद्यातून पाण्यातले सूक्ष्म जीव एका नदीतून दुसरीत जातात. डिडिमो या शेवाळाच्या भीतीने न्यूझीलंडने 2008 मध्ये मासेमारीसाठी नमद्याच्या सोलवर बंदी घातली. सोल बदलता आला तर पाण्याप्रमाणे आणि नियमाप्रमाणे रबर लावता येतं. तिथे जोड हीच मुख्य वस्तू मानून बनवलेली असते. दुकानात वस्तू हातात घ्या, पट्टा जोरात मागे ओढा आणि भोकाकडे पाहा. नुसता फोम दिसला तर ठेवून द्या. धातूचं किंवा कडक प्लास्टिकचं कडं असेल तर पुढचे प्रश्न विचारा. त्यातला पहिला हा: तक्रार करायची वेळ आली तर अर्जात प्रकार कोणता लिहू? विक्रेत्याकडून उत्तर लेखी घ्या.

एक राहिलं. जुनी जोडी पाठवायच्या आधी काय काय परत मागतात ते विचारून घ्या. माझ्याकडून त्यांना फक्त सोल हवे होते, पट्टे आणि आवरणं ठेवून घ्या म्हणाले. पट्टे नव्या जोडीला बसतात. खिट्या मात्र बसत नाहीत, कड्यामुळे भोकाचं माप बदललंय, म्हणून नव्या मापाच्या दोन जास्तीच्या खिट्या मी नंतर त्याच बाईंकडून मागून घेतल्या.