नकाशा आणि पूल यांच्या मधली वर्षे

अटल सेतू बांधायला किती वर्षे लागली, या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. बांधकामापुरते बोलायचे तर २०१८ मध्ये काम सुरू झाले आणि १२ जानेवारी २०२४ रोजी पुलाचे उद्घाटन झाले. परंतु मुंबई बेट आणि उरणकडची मुख्य भूमी समुद्रावरून जोडावी ही सूचना १९६३ मधील विल्बर स्मिथ या सल्लागार संस्थेच्या अभ्यासात आधीच आलेली होती. म्हणजे बांधायला सहा वर्षे गेली आणि पुलाचे पैसे कोण घालणार व वाहने आलीच नाहीत तर तोटा कोण सोसणार, हे ठरवण्यात पन्नासहून अधिक वर्षे गेली. नवी मुंबईत राहून येथील एकेक काम उभे राहताना पाहिल्यावर माझे असे मत झाले आहे की, मोठे प्रकल्प आराखड्यावाचून क्वचितच अडतात. आराखडा बहुधा कपाटात तयार असतो. खर्चाची आणि जोखमीची वाटणी कोणीतरी कागदावर मान्य करेपर्यंत तो तेथेच राहतो.

या शहराचा जन्मही असाच झाला. मुंबईची उत्तरेकडे लांबत जाणारी वाढ पूर्वेकडे, खाडीपलीकडे वळवावी हा विचार वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल या तिघांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडला. तिघेही तेव्हा तरुण होते आणि त्यांच्या हाती कोणताही अधिकार नव्हता. त्या काळी शहरांविषयी असे लेख कमी लिहिले गेले असतील असे नाही. या लेखाचे वेगळेपण एवढेच की त्याच्या मागे पाच वर्षांत एक संस्था उभी राहिली. १७ मार्च १९७० रोजी सिडको या शासकीय नगरविकास महामंडळाची स्थापना झाली, ९५ गावांच्या हद्दीतील सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र नव्या शहरासाठी ठरवण्यात आले आणि शिरीष पटेल व कोरिया स्वतः त्या कामात उतरले. जमीन शासनाने संपादित करायची, ती सिडकोने विकसित करून विकायची आणि त्या पैशातून रस्ते, गटारे, पाणी करायचे, असे हे गणित होते. शासनाच्या तिजोरीवर फारसा भार न टाकता शहर उभारण्याची ही युक्ती होती, आणि म्हणूनच ती मंजूर झाली असे मला वाटते.

मूळ कल्पनेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र घडली नाही. राज्याचे सचिवालय खाडीपलीकडे न्यावे, म्हणजे त्याच्या मागोमाग कचेऱ्या आणि नोकऱ्या येतील, असा नियोजनकारांचा आग्रह होता. प्रत्यक्षात त्याच काळात नरिमन पॉइंटला भराव घालून दक्षिण मुंबईतच नव्या कचेऱ्या उभ्या राहत गेल्या. नव्या शहराकडे आले ते घाऊक बाजार: कांदा-बटाटा, मसाला, धान्य, भाजीपाला, फळे आणि कळंबोलीला लोखंड-पोलाद. मंत्री आणि सचिव आले नाहीत, माथाडी कामगार आणि व्यापारी आले. यातून शहराचा स्वभाव पूर्ण बदलला. तो वाईट झाला असे मी म्हणणार नाही, परंतु १९६५ च्या नकाशातले शहर आणि तुर्भ्याच्या ट्रकांच्या रांगांमधले शहर एकच आहेत, असे मानायला बरीच कल्पनाशक्ती लागते.

रेल्वेची कथा अधिक बोधप्रद आहे. वाशीला जोडणारा खाडीवरील पहिला रस्ता-पूल १९७३ मध्ये खुला झाला, पण मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल यायला १९९२ साल उजाडले. खाडीवर रेल्वेचा पूल कसा बांधायचा हे अभियंत्यांना ठाऊक नव्हते, असे कोणी म्हणणार नाही. ठाण्याच्या खाडीवर रेल्वेचे पूल १८५४ मध्येच उभे राहिले होते. रेल्वेचे म्हणणे असे की जेथे अजून प्रवासीच नाहीत तेथे मार्ग टाकणे परवडत नाही. लोकांचे म्हणणे असे की जेथे रेल्वे नाही तेथे राहायला जायचे तरी कसे. हा पेच सुटला तो खर्चाच्या वाटणीने. सिडकोने ६७ टक्के आणि रेल्वेने ३३ टक्के खर्च उचलायचा असे ठरले. त्या बदल्यात स्थानकांवर आणि स्थानकांभोवती बांधकाम करण्याचे हक्क सिडकोकडे आले आणि प्रवाशांच्या तिकिटावर अधिभारही दीर्घ काळ घेतला गेला. वाशी, बेलापूर या स्थानकांच्या डोक्यावर एवढ्या मोठ्या व्यापारी इमारती का आहेत, असा प्रश्न मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना पडतो. त्याचे उत्तर वास्तुरचनेपेक्षा या करारात सापडते. स्थानकाच्या छतावरील गाळे विकून रूळ टाकायचे, हा मार्ग ज्याने शोधला त्याचे नाव कोणत्याही पाटीवर नाही, पण माझ्या मते या शहराच्या उभारणीत त्याचा वाटा कोणत्याही वास्तुविशारदाइतकाच आहे.

अटल सेतूच्या बाबतीत नेमकी हीच वाटणी जमत नव्हती. पूल खासगी कंपनीने बांधावा, ठरावीक वर्षे टोल घ्यावा आणि मग तो शासनाला परत करावा, अशा पद्धतीने निविदा काढल्या गेल्या. तेव्हा दोन मोठ्या उद्योगसमूहांच्या बोली समोर आल्या: एकाने टोलसाठी ९ वर्षे ११ महिने मागितले, दुसऱ्याने ७५ वर्षे. एकाच पुलासाठी, एकाच समुद्रावर, एकाच आकडेवारीच्या आधारे. या दोन आकड्यांतील अंतराकडे लोकांनी तेव्हा स्पर्धेची गंमत म्हणून पाहिले. मला त्यात प्रामाणिक अज्ञान दिसते. पुलावरून किती गाड्या जातील हे पलीकडे काय उभे राहणार यावर अवलंबून होते, आणि पलीकडचे नवी मुंबई विमानतळ व त्याशेजारची उलव्याची वस्ती त्या वेळी कागदावरच होती. ज्या वाहतुकीचा अंदाज करायचा ती वाहतूक पूल झाल्यावरच निर्माण होणार, अशी ही गोष्ट होती. ती निविदा रद्द झाली. पुन्हा प्रयत्न झाला तेव्हा, २०१३ मध्ये, पात्र ठरलेल्या कंपन्यांपैकी एकीनेही बोली लावली नाही. बाजाराने दिलेले यापेक्षा स्पष्ट उत्तर कल्पिता येत नाही.

त्यानंतर जे झाले त्याची चर्चा कमी होते. वाहतुकीची जोखीम शासनाने स्वतःकडे घेतली. एमएमआरडीए या मुंबई महानगराच्या विकास प्राधिकरणाने जपानच्या जायका या संस्थेकडून दीर्घ मुदतीचे कर्ज घेतले आणि कंत्राटदाराला टोलच्या भवितव्याशी न बांधता केलेल्या कामाचे पैसे द्यायचे ठरले. एवढा एक बदल झाल्यावर जगभरातील अनुभवी कंपन्या कामासाठी पुढे आल्या. मग अभियांत्रिकीला वाव मिळाला. एकूण २१.८ किलोमीटरपैकी सुमारे १६.५ किलोमीटर पूल समुद्रावर आहे. जेथे जहाजांची वाट आणि समुद्रतळाच्या वाहिन्या आडव्या येत होत्या, तेथे खांब दूर दूर ठेवावे लागले आणि त्यासाठी ऑर्थोट्रॉपिक स्टील डेक वापरण्यात आले. काँक्रीटच्या जाड फळीऐवजी पोलादी पत्र्याला खालून पोलादी पट्ट्यांनी ताठ करून तयार केलेला हा पृष्ठभाग वजनाने हलका असतो, म्हणून दोन खांबांतील अंतर १८० मीटरपर्यंत नेता आले. शिवडीच्या चिखलातील रोहित पक्ष्यांसाठी तेथे ध्वनिरोधक भिंती उभारल्या गेल्या. हे सगळे कौतुकास्पद आहेच. पण ते शक्य झाले ते कर्जाच्या कागदावर सही झाल्यानंतर, हेही विसरू नये.

जमिनीविषयी न लिहिता हा लेख पुढे नेणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सिडकोचे सारे गणित स्वस्तात मिळालेल्या जमिनीवर उभे होते, आणि ती स्वस्त होती कारण भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी गावांना तिचा मोबदला अत्यल्प दिला गेला. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाटा येथे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड परत देण्याची योजना आली, आणि विमानतळाच्या वेळी हाच वाटा साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेला. प्रकल्पाचा खर्च मोजताना हा खर्च सुरुवातीच्या आराखड्यात कोणी धरला नव्हता. तो प्रकल्पग्रस्तांनी स्वतः धरायला लावला. विमानतळाला २००७ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली आणि त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. त्या मधल्या काळात उलव्याचा डोंगर कापणे आणि नदीचे पात्र वळवणे ही अवघड कामे होतीच, तरी दहा गावांचे पुनर्वसन हे त्याहून अवघड काम होते, असे मला वाटते.

आता ज्या कामाचे कधी उद्घाटनच होत नाही त्याविषयी. नवी मुंबईचे बरेचसे नोड, म्हणजे वाशीसारखे शहराचे नियोजित विभाग, भरतीच्या पातळीखालच्या खाजणात भराव घालून वसवलेले आहेत. पावसाचे पाणी समुद्रात सोडायचे तर भरतीच्या वेळी समुद्रच उलटा आत येणार. त्यावर सिडकोने हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव बांधले. खाडीकडच्या तोंडाला एकाच दिशेने उघडणारी झडप असते. भरती आली की पाण्याच्या दाबाने ती बंद होते आणि पावसाचे पाणी तलावात साठते. ओहोटी लागली की झडप उघडते आणि साठलेले पाणी खाडीत जाते. यात वीज लागत नाही आणि माणूसही बसवावा लागत नाही. जुलैत मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, तरी वाशी पूर्ण बुडत नाही याचे मोठे श्रेय या साध्या व्यवस्थेला आहे.

परंतु तलावाची उपयुक्तता त्याच्या खोलीवर अवलंबून असते, आणि वर्षानुवर्षे गाळ साचून ती कमी झाली आहे. गाळात कांदळवन उगवले, कांदळवनाला न्यायालयाच्या आदेशाने संरक्षण आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे गाळ काढायलाही न्यायालयाची परवानगी लागते. तलाव बांधले सिडकोने, १९९२ मध्ये स्थापन झालेल्या महापालिकेकडे त्यांची देखभाल आली, आणि कांदळवनाचा प्रश्न वन विभागाच्या अखत्यारीत येतो. झडपेची रचना अचूक आहे. गाळ काढण्याचा खर्च आणि त्याची जबाबदारी मात्र आजही या तिघांच्या पत्रव्यवहारात फिरत असते, आणि दर पावसाळ्यापूर्वी तो पत्रव्यवहार नव्याने सुरू होतो.