तुम्ही विचारलंत म्हणून : माळ्यावरच्या वह्या आणि पुढची वर्षं

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी एक प्रश्न काही पाठ सोडत नाही. पुण्यातल्या कर्वे पुतळ्यापाशी बसची वाट बघताना, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या जिन्यात कुणी ना कुणी विचारतंच, "तुमचं बरं आहे हो, कायम कामात असता. पुढचं सगळं कसं काय ठरवलंत?" विचारणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. हल्ली चाळिशीतलेही विचारतात आणि ते जास्त घाबरलेले असतात. जिन्यात उभ्या उभ्या मी "अहो, आपोआप ठरलं" म्हणून सुटते. ते काही खरं नाही, म्हणून एकदा नीट सांगते.

मी ठरवलं ते हिशेबाच्या वह्या वाचून.

लग्न झाल्यापासून घरखर्च मी लिहीत आले. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या लांबट, लाल पाठीच्या वह्या. दूध, किराणा, रॉकेल, फी, आहेर आणि सगळ्यात शेवटी 'किरकोळ'. दिवसभर बँकेत लोकांचे पैसे मोजायचे आणि घरी येऊन पुन्हा आपले, म्हणून आमचे हे हसायचे. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात त्या वह्या रद्दीत घालायला माळ्यावरून काढल्या आणि तिथेच फतकल मारून वाचत बसले.

तोवर मला कुणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं की गाणं माझा जीव की प्राण आणि कागदपत्रांचं तोंड आता पुन्हा बघायचं नाही. वह्या भलतंच सांगत होत्या. 'सवाई'चा, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सवाचा पास एखाददुसऱ्या डिसेंबरात, तोही बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी. रेडिओची दुरुस्ती मात्र वरचेवर. म्हणजे गाणं मला आवडतं, पण मेथी निवडताना. मांडवात थंडीत बसून ऐकण्याचा माझा पिंड नाही. पुण्यात राहून हे लिहायला थोडं धाडस लागतं.

आणि 'किरकोळ'मध्ये काय होतं? 'रिक्षा, पोस्ट, वाड्यातल्या काकूंबरोबर.' 'रेव्हेन्यू तिकिटं.' 'झेरॉक्स, नानांचा पेन्शनचा अर्ज.' 'स्टॅम्प पेपर, शेजारच्या मावशी.' वाडा पाडला, आम्ही कोथरूडला आलो, मुलं मोठी झाली, रॉकेलचा रकाना गेला आणि गॅसचा आला, तरी कुणाचे ना कुणाचे कागद चालूच. यात पैसे मिळत तर नव्हतेच, वर पदरचे जात होते. धाकट्या बहिणीला फोन केला तर म्हणाली, "त्यात नवल काय? शाळेत होतीस तेव्हापासून वाड्यातल्या सगळ्यांच्या मनीऑर्डरी तूच लिहायचीस. पैसे कुणाला चाललेत ते कळायला हवं असायचं तुला." नाक खुपसायची खोड जुनी आहे तर.

मग 'कागदपत्रं नकोत' हे कुठून आलं? नोकरीच्या शेवटच्या वर्षांतून. तेव्हा टार्गेटं आली होती. मुदत ठेवीचं नूतनीकरण करायला आलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात विम्याची पॉलिसी मारायची आणि संध्याकाळी किती जमल्या ते फोनवरून वर कळवायचं. त्या कडूपणाने आधीची सगळी वर्षं नासली. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. लोकांना एकदा १४ अंशांच्या गार पाण्यात मिनिटभर हात बुडवून ठेवायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला तेच मिनिट आणि वर आणखी अर्धं मिनिट, फक्त त्या अर्ध्या मिनिटात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेलं. पुन्हा करायचं तर कुठलं कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरं निवडलं. एकूण त्रास जास्त, पण शेवट जरा सुसह्य, आणि लक्षात राहतो तो शेवटच. माझं उलट झालं होतं. शेवटचा घास कडू निघाला म्हणून मी अख्खं ताट नावडतं ठरवून बसले होते.

म्हणून पुढचं आखायचं असेल तर आठवणींना एकटं साक्षीला बोलावू नका, असं मी विचारणाऱ्यांना सांगते. आपण काय केलं त्याचा कुठे तरी लेखी पुरावा असतो, तो आधी काढा. लोक याच्या बरोबर उलट करतात. कोरा कागद घेऊन आयुष्यात करायच्या गोष्टींची यादी लिहायला बसतात, आणि त्या यादीत लडाख, विपश्यना आणि सतार येते. यातलं निम्मं दुसऱ्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून उतरवलेलं असतं.

कर्वे पुतळ्यापाशी बस हमखास उशिरा येते, त्यामुळे अण्णांचा विचार करायला वेळ मिळतो. धोंडो केशव कर्वे १९१४ साली फर्ग्युसन कॉलेजमधून निवृत्त झाले. १९१५ साली त्यांचं आत्मचरित्र आलं. १९१६ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. आत्मचरित्रामुळे विद्यापीठ झालं असं मी म्हणत नाही. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली होती, त्याचा वाटा मोठा. पण ती पुस्तिका ज्याच्या हाती पडली, त्याने हिंगण्याच्या आश्रमापासूनचा आपला सगळा प्रवास नुकताच कागदावर उतरवून काढला होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे ते १०४ वर्षं जगले. आपल्याला तेवढं काही मिळायचं नाही, पण साठीनंतरची वीस-पंचवीस वर्षं म्हणजे काही उरलीसुरली चिल्लर नव्हे.

वह्यांचीही एक मर्यादा आहे. जे कधी वाट्यालाच आलं नाही ते खर्चात कसं दिसणार? त्यासाठी मी दुसरी खूण धरली : आपल्याला हेवा कुणाचा वाटला. गाडी-बंगल्यांचा हेवा सोडून द्या, तो सगळ्यांनाच वाटतो. माझ्या शेजारच्या काउंटरवरची एक मैत्रीण कॅश जुळली की पर्स उचलून रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनच्या वर्गाला जायची आणि मी मंडईत. तिला बढती मिळाली तेव्हा मला काही वाटलं नाही. पण ती पर्स उचलायची तेव्हा पोटात तुटायचं. इतकी वर्षं टिकलेला हेवा फुकट घालवू नये, म्हणून मी साठी उलटल्यावर जर्मन सुरू केलं. तीन लिंगं आपल्यालाही आहेतच, त्यामुळे निदान त्याचा धक्का बसला नाही. वर्गातली मुलं नातवाच्या वयाची आहेत आणि गृहपाठ माझाच बघून लिहितात.

बाकी आठवडा कागदांचा. मंगळवार-शुक्रवार सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर पासबुकं, नॉमिनेशनचे फॉर्म, कुणाचं तरी इच्छापत्र. मागच्या वर्षी एक मावशी हयातीच्या दाखल्यासाठी आल्या होत्या. जन्मभर भांडी घासून बोटांच्या रेषा पुसल्या गेलेल्या, त्यामुळे अंगठा यंत्रावर काही केल्या उमटेना. एकदा तेल लावून, एकदा पुसून, दुसऱ्या हाताचा, सगळं झालं. त्या म्हणाल्या, "समोर बसलेय तरी मी जिवंत नाही व्हय?" शेवटी मोबाइलवर चेहरा दाखवून काम झालं. ती सोय आता आहे, पण कुणीतरी फोन धरायला लागतं आणि डोळे मिचकवा म्हणून सांगायला लागतं. हे सांगताना त्या आणि मी दोघी इतक्या हसलो की फोटो दोनदा फसला.

आमच्या ह्यांना मी त्यांच्या जुन्या डायऱ्या काढून दिल्या होत्या. त्यांनी त्या न उघडता परत माळ्यावर ठेवल्या आणि सांगितलं की त्यांना पुढच्या आयुष्यात फक्त दुपारची झोप हवी आहे. त्याला पुरावा लागत नाही, मी साक्षीदार आहे.

"पण आम्ही कुठे हिशेब लिहितो?" हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. तुमचा फोन लिहितोय की. बँकेचं गेल्या काही वर्षांचं स्टेटमेंट काढा, फोनमधले फोटो चाळा, आणि कुणी न सांगता पुन्हा पुन्हा काय केलंय तेवढ्यावर खूण करा. अडलं तर स्टेटमेंट घेऊन माझ्याकडे या. फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडून. ऐंशीच्या पुढच्या पेन्शनरांचे हयातीचे दाखले १ ऑक्टोबरपासून सुरू होतात, बाकीच्यांचे नोव्हेंबरात, आणि तेव्हा टेबलावर चहाचा कप ठेवायलाही जागा नसते.