बोडीतला हिरवा पेंट आणि आमचा कोंडा

मागच्या सप्टेंबरात सकाळी बोडीवर, म्हणजे आमच्या मासे पाळायच्या छोट्या तळ्यावर, गेलो तर वारा लोटतो त्या कडेला पाण्यावर जाड हिरवी साय, कोणी ऑइल पेंटचा डबा ओतल्यासारखी. मोठेबाबा म्हणाले, "शेवाळ होय रे, मासे खातीन." कशाचं खातात! पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करायचे, दुपारी परत सगळं नॉर्मल, म्हणून आम्ही पण निवांत, आणि मग दोन दिवस ढगाळ गेले अन् तिसऱ्या पहाटे रोहू-कटले उलटे तरंगत होते.

आमचं भंडाऱ्याकडचं, धानाच्या बांधीत (बांध घातलेल्या शेतात) कडेने चर खोदलाय, तो बोडीला जोडलाय, पावसाळाभर मासे इकडून तिकडे फिरतात. गंमत म्हणजे बांधीत साय नव्हती, तिथे धानाची सावली असते आणि धान पाण्यातलं खत पण ओढून घेतो. सगळा राडा उघड्या बोडीत.

चूक आमचीच. राईस मिलचा कोंडा स्वस्तात मिळतो म्हणून रोज दोन टाइम घमेली भरभरून टाकायचो, वर तेलबियांची ढेप, मासे खातात की नाही कोण बघतं. नंतर वाचलं तेव्हा डोकं चाललं. कोंड्यातला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या घट्ट बांधलेल्या रूपात असतो, आणि रोहू-कटल्याला जठरच नसतं, तो फायटेट त्यांना नीट पचत नाही, मग आला तसा विष्ठेतून बाहेर. खाद्यातल्या नायट्रोजनचाही साधारण पाव ते तिसरा हिस्साच अंगाला लागतो, बाकीचा मुख्यतः कल्ल्यांतून अमोनिया होऊन पाण्यात. त्यात बांधीतला युरिया आणि सुपर फॉस्फेट वाहून येतं ते वेगळंच. म्हणजे पैसे आमचे, चारा माशांच्या नावाचा आणि पार्टी शेवाळाची.

ही साय बहुतेक मायक्रोसिस्टिस, एक निळं-हिरवं शेवाळ. त्याच्या पेशीत हवेचे बारीक कप्पे असतात म्हणून ते वर तरंगतं, ऊन खातं, खालच्यांना अंधार. रात्री सगळे मिळून ऑक्सिजन ओढतात, पहाटे तळाला लागतो. शिवाय काही जातींचं विष लिव्हरवर जातं, पाणी उकळून पण जात नाही, म्हणून म्हशी तिथून हटवल्या. (सगळं निळं-हिरवं शेवाळ वाईट नसतं हां, धानाच्या बांधीत ते हवेतला नायट्रोजन धरतं हे 1939 मध्येच पी. के. डे यांनी दाखवलंय. मायक्रोसिस्टिसला मात्र ते जमत नाही, त्याला आयतं लागतं.)

एकाने सांगितलं शेवाळ मारायला मोरचूद (कॉपर सल्फेट) टाक. नाही टाकलं. पेशी एकदम फुटल्या की आतलं विष पाण्यात, आणि मेलेलं शेवाळ सडताना उरलासुरला ऑक्सिजन खातं.

आता खालून भोकं पाडलेल्या पोत्यात खाद्य भरून ते बांबूला बांधून पाण्यात सोडतो, तेही ऊन वर आल्यावर. दोन तासांनी पोत्यात शिल्लक दिसलं की उद्या कमी, ढगाळ असलं की सुट्टी. महिन्याला थोडे मासे जाळ्यात धरून वजन करतो आणि एकूण वजनाच्या दोन-तीन टक्के खाद्य, बस. मोठेबाबा म्हणतात "पोरं उपाशी ठेवतो", पण मासे काही बारीक झालेले दिसत नाहीत.

कोंड्याची दोन पोती उरली ती म्हशी खाताहेत. काल मात्र कडेला परत जराशी हिरवी रेघ दिसली, काचेच्या बाटलीत पाणी भरून खिडकीत ठेवलंय, सकाळी बघतो वर साय धरते का.