जपमाळ दोघांची

कॅथलिक विवाहसंस्काराविषयीची एक गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना लग्नाला अनेक वर्षे उलटून गेली तरी ठाऊक नसते. आपल्या लॅटिन परंपरेत हा संस्कार धर्मगुरू देत नाहीत. वधू आणि वर तो एकमेकांना देतात, आणि धर्मगुरू ख्रिस्तसभेच्या, म्हणजे चर्च या संस्थेच्या, वतीने साक्षीला उभे राहून आशीर्वाद देतात. सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात एकनिष्ठ राहण्याचे वचन ज्यांनी एकमेकांना दिले, त्यांनीच ते रोजच्या रोज जागते ठेवायचे असते, आणि त्यासाठी एकत्र प्रार्थनेइतके भक्कम साधन मला तरी दुसरे सापडलेले नाही.

आम्ही दोघे मूळचे वसईचे. इंदूरला आम्ही जातो त्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, हिंदीत होते, त्यामुळे मराठी प्रार्थनेला घर हीच जागा उरली आहे. रात्रीची जेवणे आटोपली, मुलांची दप्तरे भरून झाली, की तसबिरीसमोर मेणबत्ती लावून आम्ही जपमाळ म्हणतो. मरियामातेच्या ‘नमो मरिये’ या प्रार्थनेचा पूर्वार्ध एकाने म्हणायचा आणि उत्तरार्ध दुसऱ्याने उचलायचा, आणि पाच रहस्यांत, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातील एकेका प्रसंगाचे मनन करत म्हणायच्या जपमाळेच्या पाच भागांत, आळीपाळीने सुरुवात करायची, अशी आमची रीत आहे. पैशांवरून किंवा नातेवाइकांवरून ज्या दिवशी बोलाचाली झालेली असते, त्या दिवशीही मी सुरू केलेली प्रार्थना यांनी पूर्ण केल्याशिवाय पुढे सरकत नाही. पहिल्या रहस्याला दोघांचेही आवाज कोरडे असतात. मात्र त्या उत्तरार्धात आपण पापी आहोत हे दोघांनीही पुन्हा पुन्हा म्हटलेले असते, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या रहस्यापर्यंत चूक कोणाची हा वाद आपोआप सैल पडतो.

रागात असताना सूर्य मावळू देऊ नका, असे संत पौल इफिसकरांना लिहितात. पोप फ्रान्सिस यांनीही 2016 च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात दिवस संपण्यापूर्वी समेट करण्याचा आग्रह धरला आहे.

क्षमेचा विषय निघाला की इंदूरच्या माणसाला धर्मभगिनी धन्य राणी मारिया आठवतातच. 25 फेब्रुवारी 1995 रोजी उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमधून प्रवास करताना त्यांची हत्या झाली. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्येच राणी मारिया यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. ज्या धर्मप्रांतात एवढी मोठी क्षमा घडली, तिथल्या नवरा-बायकोला एका कडू शब्दाची क्षमा अशक्य वाटू नये, असे मला मनापासून वाटते.

मात्र क्षमा म्हणजे मारहाण सोसत राहणे नव्हे, हेही इथेच स्पष्टपणे लिहिले पाहिजे. जोडीदारापासून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्याची मुभा ख्रिस्तसभेचा कायदाच देतो, आणि अशा बहिणीला केवळ ‘प्रार्थना कर’ असे सांगून परत धाडणे हा तिच्यावर अन्याय आहे.

नवविवाहित जोडप्यांनी पहिल्याच आठवड्यात संपूर्ण जपमाळेचा संकल्प करू नये. झोपण्यापूर्वी एकच रहस्य म्हणावे, आणि त्यानंतर प्रत्येकाने दुसऱ्याविषयी त्या दिवशीच्या एका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानावेत, तेही मोठ्याने, जोडीदाराला ऐकू जाईल असे.