आयर्विनला किती?

रविवारी दुपारी चारच्या सुमारास गावभागातल्या आमच्या दारासमोर दहा-बारा सायकली येऊन थांबल्या. डोक्यांवर हेल्मेटं, गळ्यात कॅमेरे, पुढे एक चुणचुणीत पोरगा. सायकलवरून शहराचा इतिहास दाखवतात म्हणे. पैसे घेऊन! पुण्या-मुंबईत ठीक आहे हो, पण सांगलीत सायकल चालवायला पैसे? कट्ट्यावर भडंग खात बसलेला माझा हात थांबलाच.

पोरगा बोलत होता मात्र झकास. 1801 साली चिंतामणराव पटवर्धन मिरजेहून वेगळे निघाले आणि सांगलीचं संस्थान झालं. 1843 मध्ये त्यांच्यापुढे विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं. कृष्णेवरचा आयर्विन पूल 1929 चा. आता इथून हरिपूर, कृष्णा-वारणेचा संगम आणि हळदीची पेवं. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार, हे ऐकून एक बाई केवढ्या हरखल्या. ‘म्हणजे पेव फुटणं ते हेच?’ हेच बाई. सध्या सायकल सहलींचं फुटलंय.

पण पुलाबद्दल नुसतं साल सांगून पोरगा पुढे सरकला, ते मला खटकलं. सांगली म्हणजे पोळपाट. आमच्या लहानपणी सायकलला दम लागावा असा चढ एकच, आयर्विनचा. आठ आणे तासाने भाड्याची सायकल आणायची, नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारत पुलावर चढायचं आणि पलीकडे सांगलीवाडीत उतरलं की परदेशी गेल्यासारखं वाटायचं. एकदा तिकडेच चेन पडली. बसेना काही केल्या. काळेकुट्ट हात घेऊन सायकल ढकलत परत आलो तोवर दोन तास भरले होते. दुकानदार काही बोलला नाही, नुसता घड्याळाकडे बघत राहिला. ते बघणं मला अजून आठवतं. वरचे आठ आणे अण्णांनी दिले.

अण्णांची स्वतःची सायकल होती. काळी, उंच, मागे कॅरियर. तिला हात लावायची आम्हाला बंदी. जुलै उजाडला की अण्णा संध्याकाळी घरी येताना वाटेत भेटेल त्याला विचारायचे, ‘आयर्विनला किती?’ किती म्हणजे पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फूट, हे सांगलीत सांगावं लागत नाही. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. आकडा चाळिशीला टेकला की अण्णा सायकल खांद्यावर घेऊन माडी चढायचे. मग धान्याचे डबे. मग आम्ही.

‘अहो, सायकलीआधी पोरांना तरी न्या!’ आई ओरडायची.

‘पोरांना पाय आहेत.’

2005 ला पाणी 53 फुटांच्या वर गेलं, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या अण्णांनी ती सायकल तशीच वर नेली होती. कोणाला हात लावू दिला नाही.

‘काका, ही भिंतीवरची रेघ 2019 च्या पुराची ना?’ पोरानं विचारलं. सगळे कॅमेरे वळले.

‘ही 2005 ची,’ मी म्हणालो. रेघ माझ्या छातीशी होती. ‘2019 ला 57 च्या वर गेलं होतं.’ उठून हात वर केला. जरा चवडेही उंचावले. तरी पुरला नाही.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग कोणीतरी फोटो काढला, माझ्या हातासकट, आणि मंडळी घंट्या वाजवत हरिपूरच्या रस्त्याला लागली.

भडंग मऊ पडलं होतं. 2019 ला अण्णा नव्हते. सायकल जिन्याखालीच होती, कुलूप लावलेली. मी आधी टीव्ही वर नेला होता.