नीलमणी: मानेवरचा काळा ठिपका अखेर फोटोत आला

पाऊस ओसरला, कर्नाळा पक्षी अभयारण्यातली पायवाट वाळली आणि नीलमणीचे फोटो काढायचं काम पुन्हा हाती घेतलं. हा पक्षी आधी कानाला सापडतो, हे आता पुरतं पटलंय. तुटक, खरखरीत ‘च्वीच-च्वीच’ ऐकू आलं की मी आधी कोतवाल पक्षी शोधतो. पल्लवपुच्छ कोतवाल, निखार वगैरे पक्ष्यांचा मिश्र थवा सरकत असला, तर नीलमणी बहुधा त्यातच, झाडीच्या मधल्या थरात किडे टिपत असतो. थव्यामागे धावण्यात अर्थ नाही. त्याची दिशा ताडायची, वळसा घालून पुढे जायचं आणि गुपचूप उभं राहायचं.

दिसला तरी रंग सहजी हाती लागत नाही. नराचा निळा हा रंगद्रव्याचा नव्हे; पिसांच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरतो, म्हणून तो निळा. दाट सावलीत हाच नर मळकट राखाडी वाटतो, आणि पानांतून गाळून आलेल्या हिरवट उजेडात कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (आपोआप होणारा रंगांचा समतोल) उरलासुरला रंगही बिघडवतो. आता फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढतो आणि पोटाच्या पांढऱ्यावरून बॅलन्स लावतो. फरक लगेच दिसतो. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० ला घाबरणं सोडलंय; फोटोत थोडे दाणे चालतील, पण शटर १/१००० सेकंदापेक्षा संथ नको. जेमतेम १६ सेंटीमीटरचा हा जीव शेपूट पसरत सारखा इकडून तिकडे वळतो.

हे वळणंच कामी आलं. किडा पकडायला त्याने मान खाली घातली आणि मानेमागचा काळा ठिपका स्वच्छ मिळाला. चोचीच्या बुडाशी असलेला काळा पट्टाही त्याच फ्रेममध्ये आहे. मादीला ना ठिपका, ना गळ्याची काळी रेघ. डोकं निळसर, पाठ तपकिरी-राखाडी. श्रीलंकेतल्या नरालाही गळ्यावर रेघ नसते, तेव्हा तिकडचे फोटो बघून आपल्याकडचा नर ओळखायला जाऊ नका.

मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही, हे माझ्यापुरतं पक्कं आहे. विणीत तर नाहीच, आणि कोळ्याच्या जाळ्यांनी मढवलेलं ते इवलं घरटं दिसलं तर कॅमेरा बंद.

आता राहिली त्याची ‘पी-पी-पी’ शीळ, ती विणीच्या दिवसांत रेकॉर्ड करायची आहे. दमट हवेत टिकेल असं माइकचं कव्हर कुणी वापरत असेल तर सांगा.