शेवट गोड होणारच, मग परीक्षण कशाचं?

मुलुंडला आमच्या वाचनालयाचं दर तीन महिन्यांनी एक चार पानी पत्रक निघतं. झेरॉक्स काढून टेबलावर ठेवतात, ज्याला हवं तो नेतो. नव्या पुस्तकांची यादी, थकलेल्या वर्गणीची आठवण आणि मधल्या पानावर दोन परीक्षणं. ही परीक्षणं कायम आत्मचरित्रांची, नाहीतर प्रवासवर्णनांची. ग्रंथपाल काकांनी एकदा देवघेवीचं रजिस्टर माझ्यासमोर सरकवलं. "बघा मॅडम, जातं काय आणि आपण लिहितो कशावर." जात होत्या त्या कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे यांच्या पुन्हा बाइंडिंग केलेल्या कादंबऱ्या, पर्समध्ये मावणारी मिल्स अँड बूनची इंग्रजी प्रेमकथांची पुस्तकं, आणि कॉलेजच्या मुली नेतात ती जाडजूड फॅन्टसी. ड्रॅगन, शाप, राजवाडे आणि त्यातच घुसवलेलं प्रेम. "तुम्ही हे सगळं नेता, तर तुम्हीच लिहा," असं म्हणून काका पुढच्या सभासदाकडे वळलेसुद्धा.

कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठांना हे रुचलं नाही. राक्षस-जादूगार ही परदेशी थेरं, त्यांना पत्रकात जागा कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना एवढंच म्हटलं, की लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ ची. मराठी कादंबरी चालायला लागली तीच मुळी अद्भुतरम्य गोष्टी सांगत. त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून की वाद नको म्हणून, कोण जाणे. जागा मिळाली, शब्दमर्यादा तीनशे.

मग खरी पंचाईत सुरू झाली. एरवीच्या परीक्षणाचे ठरलेले प्रश्न इथे चालत नाहीत. 'पुढे काय होतं' याची उत्सुकता म्हणावी, तर नायक-नायिका एकत्र येणार हे मुखपृष्ठावरच कळलेलं असतं. आपल्या जुन्या प्रेमकादंबऱ्यांत त्याग करून झुरणारी माणसं पुष्कळ, पण आज जिला रोमान्स म्हणून विकतात तिचा शेवट गोडच हवा. तो वाचकाशी केलेला करार असतो. तेव्हा 'शेवट अपेक्षित आहे' हे वाक्य परीक्षणात लिहिण्याला काडीचा अर्थ नाही. क्रिकेटच्या मॅचला शेवटी कोणीतरी जिंकतंच, अशी तक्रार करण्यातला तो प्रकार.

पामेला रेजिस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी रोमान्स कादंबरीच्या इतिहासावर लिहिलेलं २००३ सालचं पुस्तक इथे माझ्या कामी आलं. प्रेमकथेत आठ गोष्टी असतातच, असं त्या म्हणतात. पात्रं ज्या समाजात राहतात तो समाज, भेट, अडसर, ओढ, कबुली, सगळं संपलं असं वाटायला लावणारा क्षण, अडसर दूर करणारा उलगडा आणि शेवटी जन्माची गाठ. क्रम मागेपुढे होतो, एखादी गोष्ट अनेकदा येते. मी ही यादी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवली, पण वापरात राहिली ती एकच गोष्ट, अडसर. प्रत्येक पुस्तकाला मी एकच विचारते. या दोघांनी पाच मिनिटं समोरासमोर बसून बोलून घेतलं असतं, तर ही कादंबरी संपली असती का? उत्तर 'हो' असेल, तर लेखिकेने तीनशे पानं आपल्याला झुलवलंय. त्याला चुलतबहिणीबरोबर हॉटेलात पाहिलं, गैरसमज झाला, फोन बंद केला, बेंगळुरूला बदली मागून घेतली. अहो बाई, एक मेसेज टाक ना त्याला!

मुंबईत बसून वाचताना तर हे फारच टोचतं. इथे प्रेमाला खरे अडसर काय कमी आहेत? घर. आईवडिलांची खोली, धाकट्या भावाचं लग्न, होम लोनचा हप्ता, एकाची नाईट शिफ्ट. अलीकडच्या एका मराठी कादंबरीत दोघं साखरपुडा झाल्यावरही नीट भेटू शकत नाहीत, कारण दोन्ही घरं वन रूम किचन. दादरच्या पुलावर गर्दीत उभं राहून ती दोघं पागडीच्या भाड्याचा हिशोब करतात. कादंबरीतला सगळ्यात रोमँटिक प्रसंग तोच, असं मी लिहिलं आणि अजूनही माझं तेच मत आहे. याउलट इंग्रजी कादंबऱ्यांतली एक लाडकी युक्ती आमच्याकडे पार फसते. वादळी रात्र, खाणावळीत एकच खोली, खोलीत एकच पलंग, आणि दोघांच्या काळजाचं पाणी पाणी. माझं बालपण लालबागच्या चाळीत गेलं. एका खोलीत आम्ही सातजण, पलंग एक, त्यावर आजी. मला त्या प्रसंगात धडधड होत नाही, आणखी एक गादी कुठे टाकता येईल हे दिसतं. पण हा माझा दोष पुस्तकाच्या माथी मारायचा नाही, म्हणून अशा जागी मी शेजारच्या मुलीला विचारते. तिला स्वतःची खोली आहे. तिला धडधड होते.

फॅन्टसीसाठी वेगळा गज लागतो. ब्रॅन्डन सँडरसन या अमेरिकन लेखकाचा एक नियम आहे. त्याचा मथितार्थ असा, की जादूने पेच सोडवायचा तर ती जादू कशी चालते हे वाचकाला आधी कळलेलं हवं. वाचकाला जितकं कळलंय, तितकाच सोडवण्याचा हक्क. नायिका चारशे पानं साधी धोबीण आहे आणि ऐन लढाईत तिच्या तळहातातून ज्वाळा निघतात, तर ते फुकटचं. मी त्यात माझी एक भर घालते. जादू वापरल्यावर तिचं काय जातं? रक्त, आयुष्य, आठवणी, झोप, काहीही चालेल, पण जायला हवं. एका कादंबरीत मंत्र म्हणणारीची प्रत्येक वेळी एक आठवण पुसली जायची. तिने नायकाला वाचवलं आणि तो कोण हेच विसरली. प्रेमकथेचा अडसर आणि जादूची किंमत अशी एका जागी आली, की लेखकाचं बाकीचं बरंच माफ. नाहीतर नकाशा असतो, चार राज्यं असतात, सगळ्यांच्या नावात कुठेतरी स्वल्पविराम उलटा लटकलेला असतो आणि आत कोणाचं काही जात नाही.

वाचन होतं ते सकाळच्या स्लो लोकलमध्ये. घाटकोपरला मेट्रोवाल्या उतरल्या की चौथी सीट मिळते. तोवर उभ्याने, एका हातात कडी. सहाशे पानांचा ठोकळा एका हाताने धरून अंगठ्याने पान उलटणं हा व्यायामच आहे, म्हणून फॅन्टसी शक्यतो मोबाइलवर आणि प्रेमकथा कागदावर. शेवटच्या कोऱ्या पानाला एक चिठ्ठी, तिच्यावर पेन्सिलीने पात्रांची नावं आणि मन कुठे उडालं ते पान. मन उडालेल्या जागा परीक्षण लिहिताना सगळ्यात उपयोगी पडतात. सीएसएमटी शेवटचं स्टेशन, त्यामुळे पुस्तकाच्या नादात पुढे गेले ही फुशारकी सकाळी तरी मारता येत नाही.

जुन्या प्रतींत तर आधीचे वाचकच परीक्षण करून ठेवतात. सत्तरच्या दशकातली एक कादंबरी हातात आली. तारखांच्या चिठ्ठीवर जांभळे शिक्के इतके की खाली दुसरी चिठ्ठी चिकटवलेली. मध्यावर नायक नायिकेच्या थोबाडीत मारतो, आणि दोन ओळींनंतर ती त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडते. समासात पेन्सिलीने, वळणदार अक्षरात, 'बरं केलं.' त्याखाली निळ्या बॉलपेनने, 'काय बरं केलं? सोड त्याला.' आणि अगदी खाली, बहुधा अलीकडच्या जेलपेनने नुसतंच, 'पोलीस!!' मी परीक्षणात तो समास जसाच्या तसा उतरवला. पुस्तक त्या काळचं आहे म्हणून सोडून द्यायचं, की आजच्या मापाने झोडायचं, यावर माझं उत्तर असं, की मारणं गोष्टीत येऊ दे, पण लेखक त्याला प्रेम म्हणून खपवतोय का ते वाचकाला सांगायचं. गंमत म्हणजे आजच्या फॅन्टसीतला तो देखणा, काळ्या पंखांचा राजपुत्र नायिकेला साखळीने बांधून ठेवतो, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा विचारावा लागतो. पंखांमुळे सूट नाही.

मोकळ्या शृंगाराबद्दल काय लिहायचं हाही घोळ होता. पत्रक आजोबाही वाचतात आणि दहावीची मुलंही. चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६९ मध्ये काकोडकर सुटले. त्या निकालात न्यायालय साधारण असं म्हणतं, की लेखन फार उच्च दर्जाचं नसेल, काही जागी ते कच्चं आणि बेचव वाटेल, पण वाचणाऱ्याला बिघडवणारं त्यात काही नाही. मला हा निकाल परीक्षणाचा उत्तम नमुना वाटतो. दर्जा वेगळा आणि अपाय वेगळा, दोन्हींवर स्वतंत्र मत. मी शेवटी एक ओळ टाकते, 'शयनगृहाचं दार उघडं आहे' किंवा 'दार लोटलेलं आहे'. काका ती ओळ आधी वाचतात आणि मग ठरवतात, पुस्तक खालच्या कप्प्यात की वरच्या.

कथानक पहिल्या एक-तृतीयांश भागापर्यंतच सांगायचं, हा नियम मी पाळते. तारे देत नाही. एका हौशी लेखकाने स्वखर्चाने छापलेली प्रेमकथा घरी आणून दिली, सोबत पेढे, आणि आठवड्याभराने रोज फोन. "ताई, दोन शब्द चांगले लिहा." दोन चांगले शब्द लिहिले, 'संवाद खरे'. बाकीचेही लिहिले. फोन थांबले. पेढे चांगले होते.

'हे असलं काय वाचता' हा प्रश्न ऑफिसात अजून येतो, बहुतेक करून रिळं बघत बसलेल्यांकडून. जॅनिस रॅडवे यांनी अमेरिकेतल्या एका गावातल्या रोमान्स वाचणाऱ्या बायकांशी बोलून १९८४ मध्ये पुस्तक लिहिलं. त्या बायकांना गोष्टीइतकंच महत्त्वाचं होतं ते पुस्तक हातात धरणं, म्हणजे तेवढा वेळ घरातल्यांनी त्यांना हाक मारायची नाही. आमच्या लेडीज डब्यात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. तिथे भाजी निवडणारीही मान वर न करता विचारते, "कुठवर आलं? बोलला का तो?"

सध्या अडलंय ते मालिकांपाशी. एका पाच भागांच्या फॅन्टसीचा पहिला भाग मी घेतला, लिहिला, लोकांनी नेला. वाचनालयाने देणगीतून तिसरा मिळवला. दुसरा कोण्या सभासदाने नेलाय आणि तो घर बदलून कल्याणला गेलाय. तिसऱ्यात नायिकेला एक डोळा नाही आणि तो कसा गेला हे कोणी सांगत नाही. दुसरा भाग कोणाच्या घरी असेल तर काकांच्या टेबलावर आणून द्यावा, दंड माफ करायला ते तयार आहेत. पुढच्या पत्रकाची मधल्या पानाची अर्धी जागा तोवर रिकामी ठेवलीय.